सरकीच्या गोदामातला समुद्र

बुडणारं शहर बघायला मला आवडतं. हे एक वाक्य लिहायला मी आठ दिवस घेतले, पण प्रकरण इथूनच सुरू करायला हवं, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. माझा मुलगा सुट्टीत गुलबर्ग्याहून येताना व्हिडिओच्या कॅसेटी भाड्यानं आणतो. बहुतेक परदेशी चित्रपट असतात. एकात जहाज उलटतं, एकात चाळीस-पन्नास मजल्यांची इमारत पेटते, एकात धरण फुटून खालचं गाव वाहून जातं. भाषा मला कळत नाही आणि कळायची गरजही पडत नाही. सून मध्येच चहा ठेवायला उठते, मी उठत नाही. माणसं मरत असतात आणि मी पापडाची लाटी हातात तशीच धरून बघत राहते. संपल्यावर लाज वाटते, आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच. मुलगा म्हणतो, "आई, हे सगळं खोटं असतंय. टाकीत पाणी सोडून करतेत." मला ते त्याच्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे. पाणी उडालं की मी थेंब बघते. घर वीतभर करता येतं, माणूस बोटभर करता येतो, पाण्याचा थेंब मात्र थेंबाएवढाच राहतो. म्हणून खोट्या घरावर उडालेला थेंब त्या घराच्या खिडकीएवढा दिसतो. हे मला कुणी शिकवलं नाही. तेरा वर्षांची असताना मी ते स्वतः मोजून काढलं, आणि मोठ्या अभिमानानं आमच्या अक्काला सांगायला गेले.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. अप्पा तिला अक्का म्हणत, म्हणून आईही म्हणे आणि आम्ही चार भावंडंही. मांजरेच्या अलीकडे, जनवाड्याहून दोन कोसांवर आमचं गाव, आणि नदीच्या पलीकडे औरादच्या बाजूला अक्काचं सासर. मधे फक्त नदी. आमच्या घरापासून तिच्या सासरच्या दारापर्यंत, उन्हाळ्यात पायउतारानं, साडेचार हजार पावलं भरतात. हे मी पुढं मोजलं. पण माझ्या जन्माच्या आधीपासून अक्का ती पावलं चालली नव्हती. तिचा नवरा आणि तीन वर्षांची मुलगी एका श्रावणात याच नदीत गेली होती, आमच्याच काठावरून, आणि त्यानंतर ती माहेरी राहिली ती राहिलीच. आमच्या घरात 'पूर' हा शब्द कुणी उच्चारत नसे. पावसाळ्यात नदीकडची खिडकी बंद राही. आम्हा मुलांना वाटे की सगळ्यांच्याच घरात एक खिडकी अशी चार महिने बंद असते.

बाकी अक्का काही दुःखी चेहऱ्यानं वावरणारी बाई नव्हती. पहाटे जात्याच्या घरघरीबरोबर तिचा आवाज सुरू व्हायचा तो दिवसभर. निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि शेजारच्या मुसलमान खालाशी भांडायचं असलं तर दखनी. धपाटे ती असे करी की काठ कुरकुरीत आणि मधे मऊ, अंबाडीच्या भाजीत लसणाच्या किती पाकळ्या पडतात हे मी मोजायला बसले की म्हणायची, "कुसे, भाजीची काय शिरगणती करायलीस का गं?" उन्हाळ्यात माळवदावर कुरडया आणि सांडगे वाळत असत. मी कावळे हाकत बसायची आणि ओळीत किती कुरडया आहेत ते मोजायची. मोजणं हे माझं व्यसन होतं. अजून आहे.

दर आठवडी बाजाराला तिच्या सासरचा गडी लिंबाजी नदी ओलांडून येई. ओसरीवर टेकला की त्याचं एकच वाक्य असे. "म्हातारीनं सांगितलंय, सुनंला एकदा लावून द्या." म्हातारी म्हणजे अक्काची सासू. अक्का आत जाई, फडक्यात धपाटे आणि शेंगांची चटणी बांधी, आणि ते गाठोडं लिंबाजीच्या हातात देई. वर्षानुवर्षं धपाटे नदीपलीकडं जात होते, अक्का जात नव्हती. त्या उन्हाळ्यात मात्र लिंबाजी सलग तीन बाजार आला आणि तिसऱ्या वेळी त्याचं वाक्य लांबलं. "म्हातारी अंथरुणाला लागलीय. मिरग पडला की नदी चढंल. मग न्हाई व्हायचं." अप्पांनी अक्काकडं बघितलं. अक्का चुलीकडं बघत होती.

याच दिवसांत गावात सिनेमा आला. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, आणि तरी एक जुनी मोटार, तिच्यावर एक यंत्र, एक पडदा आणि तीन माणसं घेऊन हे लोक कुठून कुठून फिरत आले होते. शहरांत बोलपट येऊन बरीच वर्षं झाली होती, आमच्याकडं आला तो मुकाच. गावातल्या अडत्याचं सरकीचं गोदाम उन्हाळ्यात रिकामं असे, ते त्यांनी घेतलं. संध्याकाळचा खेळ पुरुषांचा. बायकांसाठी दुपारी चारला जनाना खेळ. गोदामाचे दरवाजे लावून, फटींत गोणपाट कोंबून आत अंधार करत. वर पत्रे तापलेले, खाली सरकीच्या तेलाचा वास, बसायला पोती. मधे एक चादर बांधलेली, तिच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला मुसलमान बायका. चित्र समजावून सांगणारे एक मास्तर असत. पण जनाना खेळाला परपुरुष समोर नको, म्हणून त्यांना पडद्याच्या मागं पेटी देऊन बसवत. तिथून चित्र त्यांना उलटं दिसे. तरी ते तिन्ही भाषांतून अचूक सांगत, आणि एक वाक्य एका भाषेत सुरू करून दुसऱ्या भाषेत संपवत.

पहिल्याच दिवशी बघून आलेल्या मैत्रिणीनं मला सांगितलं की, श्रीकृष्ण निजधामाला गेल्यावर समुद्र येऊन अख्खी नगरी बुडवतो आणि ते दिसतं. खरंच दिसतं. मला दुसरं काही सुचेना. पण एकट्या मुलीनं जायचं नाही. आईच्या मांडीवर माझा धाकटा भाऊ होता. मोकळी होती ती अक्का. मी तिला म्हटलं, "कृष्णाचा हाय, अक्का." हे खोटं नव्हतं. मी खोटं बोलत नसे, ही माझी ख्याती होती. मी अर्धं बोलले आणि उरलेलं अर्धं माझ्यापाशी ठेवलं. ती म्हणाली, "देवाचा हाय तर येते," आणि हातात जपमाळ घेऊन निघाली.

पाऊण तास कृष्णाचाच होता. मग पडद्यामागून मास्तर म्हणाले, "आता बघा बायांनो, समुदर उठला," आणि पेटीचे सूर खाली गेले. पाणी आलं. आधी पायऱ्यांवर, मग कमानीखाली, मग एक बुरूज वाकला आणि पडला. माझ्या पाठीतून काहीतरी सरसरत गेलं. तसं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं. भीती होती, पण आपल्याला काही होणार नाही याची खात्री असलेली भीती. मी पडणारी घरं मोजू लागले. चादरीपलीकडून खालाचा आवाज आला, "या अल्ला, कित्ता पानी!" एका गच्चीवर एक माणूस उभा होता. त्यानं लहान मुलीला खांद्यावर घेतलं होतं. पाणी त्याच्या छातीला लागलं, त्यानं मान वर केली, तोंड मिटलेलं, आणि एका लाटेत दोघंही दिसेनाशी झाली. तेव्हा मला अक्काची आठवण झाली. तोपर्यंत, तेवीस घरं पडेपर्यंत, मी तिला पूर्ण विसरले होते. हे मी मुद्दाम आकड्यासकट लिहिते आहे.

मी वळून बघितलं. ती पुढं वाकली होती. माळ मांडीवर पडली होती. रडत नव्हती. बाहेर उन्हात आल्यावर तिनं डोळ्यांवर पदर धरला आणि विचारलं, "उद्या बी हाय का?"

दुसऱ्या दिवशी बायकांनी तयारीनं यायचं ठरवलेलं दिसलं. आमच्याकडं नदी फुगली की सवाशिणी तिची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ सोडतात आणि आई, मागं फिर म्हणतात. तसं चार-पाच जणी सूपभर सामान घेऊन गोदामात आल्या. समुद्र उठला तशा त्या उठल्या आणि पडद्यापाशी जाऊन तांदूळ टाकू लागल्या. पडद्यामागून मास्तर ओरडले, "बाईसाब, नारळ फेकू नका, पडदा एकच हाय!" सुताराची म्हातारी म्हणाली, "तुझ्या पडद्याचं काय घेऊन बसलास रे, हितं गाव चाललंय." सगळ्या हसल्या आणि हसत हसतच पुन्हा हात जोडले. मीही हसले. अक्कानं माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडीचा वळ उठला.

आम्ही सहा वेळा गेलो. दुसऱ्या दिवसापासून मी नव्हे, अक्काच मला घेऊन जाऊ लागली. चार वाजायच्या आत भांडी घासून मोकळी. चौथ्या दिवशी खालानं भिंतीवरून आईला सहज म्हटलं की, तुमची अक्का रोज पाणी बघायला येते, चांगलं आहे, धीट झाली. आईनं मला कुरडयांच्या आडोशाला ओढलं.

"काय दाखवलीस तिला?"

"कृष्णाचा हाय."

"आन पाणी?"

मी ओळीतल्या कुरडया मोजू लागले.

"चौदा वर्सं ह्या घरात त्यो शब्द काढला न्हाई आम्ही. तुझ्या बापानं पावसाचं नाव काढताना बी इचार केला. आन तू तिला तिकडं न्हेऊन बसवलीस. तुला मजा पायजे म्हणून." आई मला मारत नसे. तिनं मला सोडलं आणि कुरडया गोळा करू लागली, अजून ओल्या असताना.

मला भरपाई करायची होती. माझ्यापाशी होतं काय, तर मोजमाप. पाचव्या खेळाला मी घरं सोडून थेंब बघितले. एक थेंब खिडकीएवढा. दोन थेंबांत दार झाकलं. म्हणजे दार बोटभर, घर हातभर, बुरूज माझ्या कमरेएवढा. शिवाय दोन निशाणांचा बुरूज एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं, असा दोनदा पडत होता. घरी येताना मी हे सगळं अक्काला सांगितलं. तिला हलकं वाटेल असा माझा हिशेब होता. समुद्र नाही, टाकी आहे. कुणी बुडालेलं नाही.

ती चालत राहिली. देवळाच्या पारापाशी थांबून म्हणाली, "ठाव हाय की मला. माणूस जाताना एवढा नीट कुठं दिसतोय?"

"मग कामून बघायलीस?"

"दुसरं दाखवणारं कोण हाय?"

पारावर बसून तिनं सांगितलं ते असं. पंचमीला ती माहेरी आली होती, नवरा न्यायला आला होता. नदी भरलेली, नदी ओलांडायची कातड्याची गोल टोकरी काठाला दाव्यानं बांधलेली. सासूनं बजावून पाठवलं होतं, नदीची ओटी भरल्याशिवाय सुनेला टोकरीत पाय ठेवू देऊ नको. नवरा मुलीला घेऊन आधी बसला. अक्का काठावर वाकली, ओटी सोडली, हात जोडले आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा दावं तुटलं होतं आणि काठाला टोकरी नव्हती. पाण्यावर तिचाच नारळ तरंगत होता.

"दिवसपाणी हितंच झालं. सासू आली, माझ्याजवळ बसली आन एकच इचारली. तू तिथं हुतीस. माझं लेकरू वरडलं का गं? काय सांगू? डोळे मिटले हुते म्हणू? जाताना तिनं म्हणली, आठवलं की येऊन सांग. तवापासनं बलवायलीय. लोकांला वाटतंय मी पाण्याला भितेय. मी पाण्याला न्हाई भीत, पोरी." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आन बघायला बरं वाटतंय, हे बी खरं. कुणाला सांगू नको."

मी आजवर सांगितलं नव्हतं.

सहावा खेळ शेवटचा. त्या दिवशी ती गच्चीवरच्या माणसाशिवाय काही बघत नव्हती. लाट येऊन गेली तसं ती म्हणाली, "चल," आणि आम्ही संपायच्या आधीच बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं हुग्गी शिजवली, गव्हाची, गुळाची, झाकणीच्या भांड्यात भरली आणि अप्पांना म्हणाली, "पलीकडं जाऊन येते. कुसीला न्हेते." अप्पा दात घासत होते. त्यांनी चूळ भरली, मग म्हणाले, "उतार देवळाखालून हाय. मधे वाळू निसरडी झालीय." बस, एवढंच. त्यांनी सोबत यायचं म्हटलं नाही याचं तेव्हा मला नवल वाटलं. आज वाटत नाही.

पाणी माझ्या गुडघ्याला होतं, तिच्या पोटरीला. तिनं भांडं डोक्यावर घेतलं होतं. मी पावलं मोजत होते. पाण्यातली एकशे दहा. ती एकदाही थांबली नाही.

म्हातारी अंगणात बाजेवर होती, निंबाखाली. डोळे बरे होते, बाकी सगळं आटलेलं. अक्का पाया पडली आणि उशापाशी बसली. मी पायथ्याशी. म्हातारीनं तिच्या हाताला चाचपलं. खुशाली विचारली नाही.

"आठवलं का?"

"व्हय," अक्का म्हणाली. "वरडले न्हाईत."

"पोरगी?"

"खांद्यावर घेतली हुती. पाणी छातीला लागलं तवा मान वर केली. तोंड मिटलेलं हुतं. एकच लाट आली. लई येळ न्हाई लागला."

प्रत्येक शब्द मला पाठ होता. मी तो सहा वेळा बघितला होता, सरकीच्या पोत्यावर बसून. मान, खांदा, लाट. म्हातारीनं डोळे मिटले होते आणि ती ऐकत होती. तिच्या ओठांची हालचाल अक्काच्या शब्दांमागून चालली होती. अक्काला थांबायला हवं होतं. पण ती थांबली नाही; आवाज हलका झाला होता, तिला ते दिसत होतं, आणि ती बोलत गेली. "बाजूची घरं बी बुडायली हुती. एक बुरूज—"

म्हातारीनं डोळे उघडले. "नदीत घर कुठलं गं?"

अक्काचा चेहरा मी आयुष्यात तसा पुन्हा बघितला नाही. तिनं हुग्गीचं भांडं पुढं ओढलं आणि झाकण काढायला लागली, आणि ते निघेना.

"काठाची घरं, आजी," मी म्हणाले. "ह्या काठाची."

माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं पूर्ण खोटं. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या मुलाच्या मरणानंतर जन्मले होते, हे माझ्या वेणीकडं बघूनही तिला कळलं असेल. ती त्या काठावर साठ वर्षं राहिली होती. ती बराच वेळ बघत राहिली, आधी माझ्याकडं, मग सुनेकडं, मग निंबाच्या फांद्यांकडं.

"व्हय," ती म्हणाली. "हुती. त्या साली हुती दोन-चार घरं." आणि अक्काला म्हणाली, "वाढ थोडी. आणलीस तर."

अक्कानं तिला चार घास भरवले. पाचवा तिनं हातानं थांबवला. मिरग पडला, नदी चढली, आणि त्यानंतरच्या बाजाराला लिंबाजी आला नाही. तो आला थेट दिवाळीच्या सुमाराला, डोकं भादरलेलं, आणि ओसरीवर न टेकता उभ्यानंच निरोप सांगून गेला.

त्या काठाला पाण्यालगत घर कधीच नव्हतं. मी पुढं दोन वेगवेगळ्या माणसांना विचारून त्याची खात्री करून घेतली.